दहा आरत्यांचा एकच पत्ता

सभेत शेवटच्या रांगेत बसावं आणि चहा येईपर्यंत तोंड उघडू नये, हा नियम मी भोपाळला बरखेड्याच्या कारखान्यात नोकरीभर पाळला आणि म्हणूनच खरेदी विभागातून निष्कलंक निवृत्त झालो. निवृत्तीनंतर मात्र माणसाला कुणी काही विचारत नाही, आणि कुणी विचारत नाही म्हटल्यावर त्याला फार बोलावंसं वाटतं. आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या सभेत मी उठून उभा राहिलो तो त्याच भरात. चहा यायला अजून बराच अवकाश होता.

विषय नेहमीचाच होता. संध्याकाळच्या आरतीचा मान कोणत्या दिवशी कोणत्या घराला द्यायचा? ही यादी दरवर्षी आमचे अध्यक्ष प्रभाकरराव करतात. प्रभाकरराव मूळचे ग्वाल्हेरचे. आवाज मोठा, मनही मोठं. पण इतक्या मोठ्या मनाच्या माणसाच्या यादीत विसर्जनाच्या दिवसाची आरती दरवर्षी त्यांच्याच घरी कशी जाते, हे कोडं मंडळाला सुटलेलं नाही. त्या दिवशी नरहर क्षीरसागरांनी ते कोडं भर सभेत घातलं आणि शिवाजी नगरच्या त्या हॉलमध्ये असा काही गलका झाला की बाहेरचा पाणीपुरीवाला ठेला सोडून खिडकीशी आला.

"हे काम संगणकावर सोपवा!" मी ओरडलो. "सगळ्या सभासदांची नावं घालू. सोडत मशीन काढेल. तिला ना कुणाची ओळख, ना कुणाची भीड."

"अहो नीळकंठराव," प्रभाकरराव म्हणाले, "लिस्ट बनवायचीय, रॉकेट नाही सोडायचं. सीधी चिठ्ठ्या टाका डब्यात न् काढा."

चिठ्ठ्यांचं नाव निघताच क्षीरसागर आणि जोग या दोन घरांनी एकमेकांकडे पाठ केली. हळदीकुंकवाच्या लकी ड्रॉमध्ये एक चिठ्ठी जरा जास्त दुमडलेली निघाली होती, तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद आहे. त्यामुळे चिठ्ठ्या बाद झाल्या. "मग एक्सेलवर बनवणार काय?" प्रभाकररावांनी विचारलं. त्यांच्या स्वरात जी दया होती ती मला झोंबली. एक्सेल शाळेतली मुलंही करतात. मी छाती पुढे काढून म्हणालो, "सी लँग्वेजमध्ये प्रोग्राम लिहिणार. आणि निकाल मी स्वतःसुद्धा आधी पाहणार नाही. बंद पाकिटात आणीन, सभेत उघडा." टाळ्या पडल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण टाळ्यांच्या आवाजात ते लक्षात येत नाही.

बाहेर चपला घालताना इंदुमतीकाकूंनी मला गाठलं. काकू उज्जैनच्या. मंडळाचा पहिला मांडव त्यांच्या यजमानांनी स्वतःच्या क्वार्टरपुढे घातला होता आणि पहिली आरती दोघांनी मिळून केली होती. यजमान गेले, आणि आरती जोडीनं करायची पद्धत म्हणून काकूंची पाळी आपोआप गेली. त्यांना कुणी नको म्हटलं नाही, तसं कुणी या असंही म्हटलं नाही. तेव्हापासून त्या उत्सवभर मांडवाच्या कडेला बसून दुर्वांच्या जुड्या बांधतात आणि वाती वळतात.

"नीळकंठ, मशीन सगळ्यांची नावं घेणार म्हणालास ना?" त्या हळूच म्हणाल्या. "मग माझंही टाकशील का रे? सगळ्यांची झाली की टाक, सगळ्यात शेवटी. एकदा तबक हातात घ्यावंसं वाटतं बघ. नाव निघालं तर लेकीला, रेवतीला, इंदूरहून बोलावून घेईन."

"टाकतो की! मशीनला जोडी-बिडी काही कळत नाही काकू."

"बरं आहे मग तिचं," काकू म्हणाल्या.

मागून प्रभाकरराव आले. "अहो, पण आपल्यात जोडीनं करायची पद्धत है ना..." मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. नाव टाकणार म्हणजे टाकणार, असं निक्षून सांगितलं आणि स्कूटरला किक मारली. ती तिसऱ्या किकला सुरू झाली, त्यामुळे निघण्यातला रुबाब थोडा कमी झाला.

आता सी लँग्वेजच का, हे सांगायला हवं. मला नावानिशी माहीत असलेली ती एकच संगणकभाषा. कारण माझी बायको सुचेता पॉलिटेक्निकमध्ये गेली कित्येक वर्षं तीच शिकवते. मग मी तिलाच का विचारलं नाही, हा प्रश्न फक्त अविवाहित वाचकांना पडेल. शिवाय एक नाजूक बाब आहे. निवृत्तीनंतर कारखान्याचं घर सुटलं आणि आम्ही तुलसी नगरला तिच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलो. दारावर पाटी तिची, विजेचं बिल तिच्या नावानं, आणि दूधवाला मला "मॅडम के साहब" म्हणतो. अशा परिस्थितीत पुरुषानं एखादं काम तरी स्वतःच्या बळावर करावं की नाही? मी फ्रिजवरचं तिचं जाडजूड पुस्तक खाली उतरवलं, त्यावरची लोणच्याची बरणी बाजूला ठेवली आणि तिला जाहीर केलं की मला मदत लागणार नाही.

"हं," सुचेता म्हणाली. हे "हं" तिच्या विद्यार्थ्यांना चांगलं माहीत आहे. ते आलं की मुलं घरी जाऊन पुरवणी परीक्षेची तारीख बघतात.

पहिल्या चाचणीसाठी मी कार्यकारिणीतली नावं घातली. पुस्तकात म्हटलं होतं की एकसारख्या वस्तू ओळीनं ठेवायच्या तर ॲरे करावा, म्हणजे चाळीतल्या खोल्यांसारखी रांग. मी रांग केली, मान म्हणून पहिलं नाव प्रभाकररावांचं घातलं आणि मशीनला सांगितलं, एक पासून दहापर्यंत मोज आणि नावं दाखव. मशीननं दाखवली. त्यात प्रभाकरराव कुठेच नव्हते. विसर्जनाच्या दिवसापुढे मात्र उलटं प्रश्नचिन्ह, दोन चौकोन आणि एक लहानशी शेंडी असं काहीतरी उमटलं होतं.

शेजारचे दुबेजी मंत्रालयातून निवृत्त झालेले. ते साखर मागायला येतात आणि सल्ला देऊन जातात. त्यांनी पडद्याकडे पाहून मान डोलावली. "देखिए नीलकंठ जी, हमारे यहाँ भी फाइल का पहला पन्ना गिनती में नहीं आता था। कवर होता है न! आपके अध्यक्ष जी कवर में चले गए।" मला हे पटलं, पण शेंडीचा उलगडा होईना. दुबेजींनी बाहेर ही हकीकत प्रेमानं चार जणांना सांगितली, आणि तासाभरात प्रभाकररावांचा फोन आला. "मला पहिल्याच फटक्यात काढून टाकलं म्हणे? अहो, एवढी काय दुश्मनी आहे?"

सुचेता हातात पेपरांचा गठ्ठा घेऊन मागून गेली. जाता जाता पडद्याकडे पाहून "शून्य" म्हणाली आणि स्वयंपाकघरात शिरली. मला वाटलं मार्क सांगतेय, म्हणून मी संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोललो नाही. मग पुस्तकात सापडलं की या भाषेत रांग शून्यापासून सुरू होते. पहिलं घर म्हणजे शून्य नंबर, दहावं घर म्हणजे नऊ नंबर. मी एकपासून सुरू केलं म्हणून अध्यक्ष राहिले दाराशीच, आणि दहा नंबरचं घर आमच्या रांगेत नसल्यामुळे मशीननं पलीकडच्या कुणाचं तरी सामान उचलून आणून दाखवलं. मी प्रभाकररावांना फोन करून ते शून्य आहेत हे समजावायचा प्रयत्न केला. त्यानंतर ते दोन दिवस माझा फोन उचलत नव्हते.

दुसऱ्या चाचणीच्या वेळी नरहर क्षीरसागर स्वतः देखरेखीला हजर. मी प्रत्येक नावाला आठ अक्षरांची जागा ठेवली होती, कारण आठ हा आकडा मला सुबक वाटला. इंग्रजी लिपीत क्षीरसागर लिहायला दहा अक्षरं लागतात, ही गोष्ट मी विचारात घेतली नव्हती. त्यांच्या खालोखाल जोगांचं नाव घातलं. यादी छापली, तर क्षीरसागरांच्या नावाची शेवटची दोन अक्षरं शेजारच्या घरात सांडली, तिथे नंतर जोग येऊन बसले आणि पडद्यावर दिसलं, "क्षीरसाग-जोग". दोन्ही घरं एकजीव.

"मला जोगांच्या घरात घातलंस?" क्षीरसागर उठून उभे राहिले. "माझ्याच नावाचा शेपटा कापून?" मी त्यांना सांगितलं की हे मशीनचं आहे, माझं मत नव्हे. त्यांनी चहा अर्धा टाकला. क्षीरसागरांनी चहा टाकलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मग पुस्तकात पॉइंटरचं प्रकरण आलं, आणि इथे मला साक्षात्कार झाला. पॉइंटर म्हणजे वस्तू नाही, वस्तूचा पत्ता. बाकीच्या जगाला हे अवघड जात असेल, पण आम्हा भोपाळच्या सरकारी वसाहतीतल्या माणसांना ते शिकवायला नको. इथे माणूस नावानं कमी आणि क्वार्टर नंबरानंच जास्त ओळखला जातो. बदल्या होतात, माणसं येतात जातात, नंबर तोच राहतो. मी ठरवलं, नावांची रांग करायचीच नाही. पत्त्यांची रांग करायची, मग नाव दहा अक्षरी असो की वीस. मी उत्साहानं लिहीत सुटलो आणि पहिलंच नाव घातल्याबरोबर पडद्यावर इंग्रजीत "सेगमेंटेशन फॉल्ट" असं उमटून प्रोग्राम आडवा झाला.

"फॉल्ट तो लिखा है," दुबेजी चष्मा पुसत म्हणाले, "पर किसका है ये नहीं लिखा। पहले जाँच समिति बैठाइए।" समितीचे अध्यक्ष आणि एकमेव सदस्य तेच झाले. पोहे खाऊन त्यांनी अंतरिम अहवाल दिला की दोष खालच्या स्तरावर झालेला दिसतो. खालच्या स्तरावर मीच होतो.

दोष माझ्याच लक्षात आला, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. मी पत्ते तयार केले होते, पण त्या पत्त्यांवर घरच बांधलं नव्हतं. नाव बिचारं राहणार कुठे? मी ताबडतोब एक ऐसपैस घर बांधलं आणि सगळी नावं तिथे पाठवायला लागलो. आणि काय सांगू, प्रोग्राम लोण्यासारखा चालला! नाव टाइप करावं, मशीननं लगेच तेच नाव परत दाखवावं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी जलेबी आणली, दुबेजींना दिली, दूधवाल्यालाही दिली.

सगळ्या सभासदांची नावं भरून झाली. शेवटी, शब्द दिल्याप्रमाणे, इंदुमतीकाकूंचं नाव घातलं. सुचेतानं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि पहिल्यांदाच अस्वस्थ झाली. "अहो, एकदा सगळी यादी अखेरीस छापून बघा ना..."

"निकाल पाहायचा नाही," मी म्हणालो. "भर सभेत शब्द दिलाय."

"मी निकाल नाही म्हणत, नुसती नावं..."

"सुचेता, हा तत्त्वाचा प्रश्न आहे." तत्त्वाचा प्रश्न काढला की ती गप्प बसते, कारण पुढचा अर्धा तास वाया जातो हे तिला अनुभवानं माहीत आहे.

छपाईसाठी ऑनलाइन सेवा केंद्रात गेलो. तिथल्या गृहस्थांनी पेन ड्राइव्ह हातात घेण्याआधी माझा समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारनं माणशी दिलेला नंबर, मागितला. "सिर्फ प्रिंट निकालना है," मी म्हणालो. "तो क्या हुआ सर, आयडी तो लगेगी।" मग मी त्यांना विनंती केली की कागद निघाले की त्यांनी न वाचता दोन पाकिटांत घालावे, मी डोळे मिटून उभा राहतो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मागच्या खुर्चीवरच्या बाईंना म्हणाले, "मैडम, ज़रा बाबूजी को पानी देना।"

एक पाकीट सभेसाठी. दुसरं प्रभाकररावांनी नेलं, कारण मांडवाच्या आणि लाउडस्पीकरच्या परवानगीच्या अर्जाला रोजच्या जबाबदार व्यक्तीचं नाव जोडावं लागतं. अबोला विसरून ते स्वतः कार्यालयात गेले, न उघडता पाकीट दिलं आणि शिक्का मारून घेतला. आम्ही सगळे किती निःपक्षपाती होतो ते बघा. मंडळाच्या इतिहासात इतका प्रामाणिक गोंधळ पूर्वी झाला नसेल.

सभा भरली. प्रभाकररावांनी पाकीट फोडलं, घसा साफ केला आणि वाचायला लागले. "पहिला दिवस, श्रीमती इंदुमती." मग कुणीतरी टाळी वाजवली. खरं सांगतो, मला फार आनंद झाला. "दुसरा दिवस, श्रीमती इंदुमती." काही जण हसले. "तिसरा दिवस..." प्रभाकरराव थांबले, कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि उरलेली सगळी यादी एका श्वासात वाचून टाकली. विसर्जनापर्यंत एकच नाव होतं.

काकू मागे बसल्या होत्या. त्या हळूहळू उठल्या. "दहाही?" त्यांनी विचारलं. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि असं काही प्रसन्न हसल्या की माझी वाचाच बसली. "रेवतीला फोन करते," म्हणून त्या पदर सावरत बाहेर गेल्या.

त्या गेल्यावर मात्र सगळ्यांना वाचा फुटली. तो तपशील मी गाळतो. एवढंच सांगतो की क्षीरसागर आणि जोग कित्येक दिवसांनी एकमेकांशी बोलले, आणि बोलले ते माझ्याविषयी.

दुसऱ्या दिवशी मी आणि प्रभाकरराव यादी बदलून घ्यायला त्या कार्यालयात गेलो. टेबलामागचे बाबूजी आमच्या अर्जावर खूश होते. "दसों दिन की प्रभारी एक ही महिला! बहुत बढ़िया। साहब ने भी तारीफ़ की।" आम्ही बदलाची गोष्ट काढताच त्यांचा चेहरा पडला. नाव बदलायचं तर नवा अर्ज, आणि त्यासोबत श्रीमतीजींच्या सहीचं पत्र की त्या स्वेच्छेनं या जबाबदारीतून मुक्त होत आहेत. पत्राचा मजकूरही त्यांनी छापीलच दिला. बाहेर आल्यावर प्रभाकररावांनी तो कागद माझ्या खिशात कोंबला. "गडबड तुमची, साइन पण तुम्हीच आणा. मी नाही जाणार, मला नाही बघवणार."

मी गेलो. काकूंचं दार उघडंच होतं. त्या हॉलमध्ये मधोमध उभ्या होत्या आणि हातात पितळी तबक होतं. तबकात निरांजन नव्हतं, बटाटे होते. ते तबक त्या सावकाश डावीकडून उजवीकडे ओवाळत होत्या. "ये रे," त्या म्हणाल्या. "दहा दिवस म्हणजे हातात ताकद पाहिजे ना. काल एक किलोनं सुरुवात केली, आज दीड." कोपऱ्यात चंदेरी साडी इस्त्री करून ठेवली होती, मोतिया रंगाची. निरांजनं चिंचेनं घासून लखलखीत केली होती. रेवतीनं रजा टाकली होती, आणि जावईबापूही येणार होते.

"काही काम होतं का रे?"

"नाही, सहजच," मी म्हणालो. त्यांनी बेसनाचा लाडू दिला. तो फार छान झाला होता. खिशातला कागद खिशातच ठेवून मी घरी आलो.

त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा बायकोपुढे विद्यार्थ्यासारखा बसलो. "मॅडम," मी म्हणालो, "माझं काय चुकलं?"

सुचेता हसली नाही. चांगल्या शिक्षकांचं हे एक लक्षण असावं. तिनं टेबलावर दहा जुनी पाकिटं मांडली. "समजा, ही तुमची दहा माणसं. प्रत्येक पाकिटावर तुम्ही पत्ता लिहिलात. कुठला? बघा जरा, सगळ्यांवर एकच क्वार्टर. कारण तुम्ही घर बांधलंत एकच. पहिला माणूस तिथे राहायला आला, तेव्हा तुम्ही डोकावून पाहिलंत, तोच दिसला, खूश झालात. मग दुसरा आला. पहिल्याला बाहेर काढून राहिला. मग तिसरा. शेवटी आल्या इंदुमतीकाकू, त्या राहिल्या. आता सोडतीत कुठलंही पाकीट उचला, त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवा. दार कोण उघडणार?"

"काकू," मी म्हणालो.

"दरवर्षी अर्धा वर्ग हीच चूक करतो," ती म्हणाली, आणि मला फार बरं वाटलं. "प्रत्येकाला स्वतंत्र घर द्या आणि नाव त्यात उतरवून घ्या. पत्ता लिहून ठेवला म्हणजे माणूस सांभाळला असं होत नाही."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कधी?"

मी तिच्या शेजारी बसून प्रत्येक सभासदाला वेगवेगळं घर बांधून दिलं. सुचेतानं एकदाही कीबोर्डला हात लावला नाही, फक्त दोनदा "हं" म्हणाली. या वेळी सगळी नावं छापून पाहिली, सगळी जिथल्या तिथे. सोडत काढली. दहा दिवस, दहा वेगळी घरं. विसर्जनाच्या आरतीला, कुणाचाही हात न लागता, देवाशपथ, प्रभाकररावांचं नाव आलं. आणि इंदुमतीकाकूंचं नाव कुठेच नव्हतं.

"प्रोग्राम बरोबर आहे," सुचेता म्हणाली. "पूर्ण मार्क."

लग्नानंतर प्रथमच मला तिच्याकडून पूर्ण मार्क मिळत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे दीड किलो बटाटे डावीकडून उजवीकडे जात होते. ही यादी वाचली तर माझी अब्रू वाचणार होती. न वाचली तर मी भोपाळच्या समस्त मराठी माणसांत "दहा वेळा एकच नाव छापणारा" म्हणून ओळखला जाणार होतो. मशीनमध्ये मी काकूंचं नाव घातलं ते शब्द पाळायला, आणि मशीननं त्यांना एकाच वेळी सगळं देऊन आता सगळं काढून घेतलं होतं. मला मशीनचा रागच आला. तिच्यात चूक उरली नव्हती, म्हणून जास्त आला.

प्रभाकररावांच्या घरी कार्यकारिणी बसली. काकूंना बोलावलं नव्हतं. मी उभा राहून सगळं सांगितलं, क्वार्टर, पाकिटं आणि माझी चूक. मग नवी यादी वाचली. विसर्जनाशी आलो तेव्हा सगळ्यांच्या माना प्रभाकररावांकडे वळल्या. "अहो, मी काही नाही केलं!" ते अक्षरशः ओरडले. "या वेळी खरंच नाही!" हे "या वेळी" नंतर बराच काळ चर्चेत राहिलं.

"आणि काकू?" चहाचे कप घेऊन आलेल्या मंगलावहिनींनी विचारलं. मंगलावहिनी म्हणजे प्रभाकररावांच्या सौभाग्यवती. जो तो कप उचलायला लागला, तेव्हा त्यांनी ट्रे खाली ठेवला. "मी सांगते. आमच्या दिवशी तबक काकूंच्या हातात राहील. आम्ही दोघं बाजूला उभे राहू."

"पण मंगला, जोडीनं करायची पद्धत..."

"आपण जोडीनंच उभे राहणार ना? मग झालं."

प्रभाकररावांनी पत्नीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. "अहो, ते अर्जात पण काकूंचंच नाव है! शिक्का लागलाय! मग बदलायची गरजच नाही!" सुंठेवाचून खोकला गेला. क्षीरसागर म्हणाले, आमच्या दिवशीही काकूच. जोग म्हणाले, आमच्याही. बघता बघता, कुणी तिथेच तर कुणी फोनवर, दहाही घरांनी होकार दिला, आणि जोगांनी क्षीरसागरांना चिवड्याची बशी पुढे केली. ठरलं असं की चुकीबद्दल काकूंना काही कळू द्यायचं नाही. मी खिशातला छापील कागद फाडला आणि चहा मागितला.

चतुर्थीच्या संध्याकाळी मांडव गच्च भरला होता. काकू मोतिया चंदेरीत आल्या, मागे रेवती आणि जावई. शेजारी त्या दिवसाच्या मानाचे क्षीरसागर पतीपत्नी अदबीनं उभे राहिले. काकूंनी तबक उचललं आणि ओवाळायला लागल्या. हात अजिबात कापत नव्हता. बटाट्यांची मेहनत दिसत होती. दुसऱ्या कडव्याला त्यांनी टाळ चुकवणाऱ्या प्रभाकररावांकडे असं पाहिलं की पुढची आरती त्यांनी टाळ न वाजवताच म्हटली. मी शब्द विसरून नुसतीच तोंडाची हालचाल करत होतो. सुचेतानं माझा हात धरला होता आणि ती रडत होती.

आरती संपली. काकू तबक घेऊन सगळ्यांपुढून फिरत माझ्यापाशी आल्या. मी ज्योतीवर हात फिरवले, डोळ्यांना लावले. त्या किंचित वाकल्या.

"नीळकंठ, दहाही दिवस एकच नाव येतं म्हणजे तुझी काहीतरी गडबड झाली, एवढं मला त्या सभेतच कळलं होतं रे," त्या हळूच म्हणाल्या. "पण ही चूक करायला तुम्हा लोकांना इतकी वर्षं का लागली?"

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी तबक पुढे सरकवलं.

"चल, सरक. मागे माणसं खोळंबलीयत."